चाळीस रुपये बाकी

कुपवाडला फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत माझं दुकान.
मीठ-मिरची, साबण, मोबाईलचं रिचार्ज,
आणि दोऱ्यानं शिवलेली उधारीची वही.
नावं ऐकू येतील तशी लिहिते.

दुर्योधन नायक, गंजाम.
पहिल्यांदा त्यानं नाव सांगितलं तेव्हा
बाकावरची पोरं खिदळली,
"बाकीचे नव्व्याण्णव कुठं ठेवलेस रं?"
तोही हसला, काय विचारलं ते न कळता.
पुढं सगळे त्याला बिहारी म्हणायला लागले.
ओडिशा कुठं, बिहार कुठं!
भट्टीपुढं उभा तो बिहारी,
एवढा हिशेब पुरतो इथं.

खोलीत नऊ जण, पाळीपाळीनं झोपायचे.
भात रात्री पाण्यात घालतात म्हणून
खोलीमालक नाक मुरडायचा.
रोज साडेआठला तो माझ्या पायरीवर बसून
आईला फोन लावायचा.
मला एक शब्द कळायचा नाही,
पण "भल अछि" रोज यायचं.
ते मी ओळखत होते.
सेलमहून आबांच्या पत्रात हेच असायचं,
पहिल्याच ओळीत: मी खुशाल आहे.

आबा आमचे विट्याकडचे,
सोन्याच्या गलाईला गेलेले.
ऍसिडचा धूर छातीत बसला,
तमिळ काही जिभेवर बसली नाही.
ती गल्ली त्यांना सेट्टू म्हणायची. अकरा वर्षं सेट्टू.
शेवटच्या महिन्यात त्यांनी चहावाल्याची उधारी फेडली,
इस्त्रीवाल्याची फेडली,
कसोटीचा दगड शेजारच्या पोराला देऊन टाकला.
लोकांना वाटलं, सेट्टू गावाकडं निघाला.

आम्ही गावात कावीळ सांगितली.
अजून कुणी विचारलं तर तोंडातून कावीळच येते.

मंगळवारी दुर्योधन आला, दाढी करून.
पंधरा दिवस पायरी रिकामी होती.
नोटा ठेवल्या, चिल्लर मोजली.
"मौसी, हिसाब पूरा कर दो."
कुकर खोलीतल्या पोराला दिला म्हणाला.
चेहरा इतका शांत
की माझ्या हातातलं माप कलंडलं.

सातशे चाळीस.
मी सातशे घेतले.
चाळीस परत सरकवले.
"ये नहीं लूँगी."
"क्यों?"
त्याची हिंदी उसनी, माझीही उसनी,
दोघांत मिळून एक वाक्य होईना.
मग मराठीतच विचारलं, सरळ,
जे आबांना कुणी कुठल्याच भाषेत विचारलं नाही:
"जीव द्यायचा विचार चाललाय का, बाळा?"

मराठी किती कळलं, देव जाणे.
जीव कळला.
बाळा कळलं.
साखरेच्या पोत्याला टेकून तो खाली बसला
आणि ओडियात बोलत सुटला.
मी शटर अर्धं ओढलं.
"काकू, काडीपेटी" आली, तिला परत पाठवलं.
मधेच ठेकेदार ऐकू आला, मधेच आधार कार्ड,
मधेच बिहारी,
बाकी नुसता आवाज,
साचलेली टाकी उपसावी तसा.
मी "हं" म्हणत राहिले.
तेवढं सगळीकडं सारखंच असतं.

रात्री एकटं सोडलं नाही.
मिरजेतल्या मावसभावाला बोलावलं,
सकाळी तिघं सिव्हिलला गेलो.
डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं,
लिहिताना हसल्या नाहीत.
हे त्यानं मला मागाहून दोनदा सांगितलं.

बरा झाला असं मी म्हणणार नाही.
काही दिवस येतो, काही दिवस नाही.
नाही आला की मी खोलीवर जाते,
मालकाला तोंडावर सांगते, वसुलीला आलेय.
तो खिशातून चाळीस काढतो.
मी म्हणते, आत्ता नको, उद्या दे.

काल आईला फोन लावला त्यानं.
"भल अछि" आलं नाही.
बराच वेळ काहीच आलं नाही,
मग रडला, पलीकडं तीही रडत असावी.
मी साखरेच्या पुड्या बांधत होते.
बांधत राहिले.